डावा स्पीकर

आमच्या गाडीच्या डाव्या दारातल्या स्पीकरला शिशाचं सील होतं. खोटं वाटेल, पण होतं. स्पीकरच्या जाळीतून बारीक तार ओवलेली, तारेची दोन्ही टोकं शिशाच्या एका मण्यात अडकवलेली आणि तो मणी पकडीने दाबून त्यावर ठसा उमटवलेला. गाडीत बसणारा पाहुणा आधी त्या सीलकडे बघायचा, मग आमच्याकडे, आणि मग काही न विचारता खिडकीबाहेर बघत बसायचा. कोणी विचारलंच, तर अण्णा एवढंच म्हणायचे, "आहे कारण."

अण्णा म्हणजे माझे वडील. वजनमापे खात्यात निरीक्षक होते. लासलगावपासून सटाण्यापर्यंत कांद्याच्या बाजारातले काटे तपासायचे, वजनांवर ठसे मारायचे, कोणी काट्याच्या दांडीला खालून मेण लावलंय का, पारड्याखाली लोहचुंबक चिकटवलंय का, ते शोधायचं, हे त्यांचं काम. नोकरीत तीस-एक वर्षं माणसांच्या लबाड्या बघितल्यावर माणूस घरी तरी वेगळा कसा राहील? आमच्या घरात दूधवाल्याचं माप, वाण्याची पुडी, इस्त्रीवाल्याने आणलेल्या कपड्यांचा गठ्ठा, सगळं संशयित. काट्यावर काही ठेवण्याआधी काटा शून्यावर आहे का बघायचं, हा त्यांचा पहिला नियम. माझ्या अंगात तो एवढा भिनलाय, की आज भाजीवाल्याकडे गेले तरी माझं लक्ष आधी त्याच्या काट्याच्या आकड्याकडे जातं. भाजीवाला वैतागतो. वैतागू दे.

तर असा माणूस निफाडच्या एका द्राक्षबागाईतदाराकडून जुनी गाडी घेतो, म्हणजे घरावर संकटच. गाडी पांढरी होती आणि तिच्यात कॅसेटचा टेप आधीपासून बसवलेला होता. तेव्हा इंदिरानगरात घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त. आख्ख्या गल्लीत मोजून एक गाडी आली ती एका निरीक्षकाच्या दारात! लोक बोलणारच. अण्णांनी आयुष्यात कुणाचा चहासुद्धा फुकट घेतला नव्हता, त्यामुळे त्यांना ते फार लागायचं. गेटपाशी दोन माणसं बोलताना दिसली की म्हणायचे, "बघ, आपल्याबद्दलच कुजबुजतायत." ती माणसं चांगली मोठ्याने नळाच्या पाण्याबद्दल बोलत असायची. मला स्वच्छ ऐकू यायचं. पण अण्णांपुढे बोलायची कुणाची टाप होती?

गाडीपेक्षा टेपचं कौतुक जास्त. त्याची व्यवस्था अण्णा देवपूजेसारखी करायचे आणि देवपूजा आईवर सोडायचे. आधी इंजिन चालू करायचं, मग टेप. बंद करताना उलटं, आधी आवाज शून्यावर, मग टेप, मग इंजिन. रविवारी सकाळी काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून, फीत जिथे घासते ते टेपचं डोकं पुसायचं. कापसावर तपकिरी डाग आला की तो आम्हाला दाखवायचे, जणू कुणाची चोरी पकडलीय. कॅसेट उन्हात ठेवायची नाही. फीत सैल झाली तर पेन्सिल घालून घट्ट करायची, बोटाने नाही. बटणं तीन, जाड आवाजाचं, बारीक आवाजाचं आणि आवाज या किंवा त्या स्पीकरकडे नेणारं डावं-उजवं. गाडीतून उतरताना तिन्ही मधल्या खुणेवर आणायची म्हणजे आणायची. "शून्यावर आण ग, शुभा," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की लग्नानंतर सासरी मिक्सर बंद करतानाही मला ते ऐकू यायचं.

परवा लेकीच्या नव्या गाडीत बसले होते. तिच्या गाडीत बटणंच नाहीत, पाटीसारखा पडदा आहे. त्यावर गाडीचं चित्र येतं आणि चित्रात एक ठिपका. ठिपका बोटाने सरकवला की आवाज त्या बाजूला जातो. मी ठिपका डावीकडे टोकाला नेला आणि लेकीला विचारलं, "ऐकू येतंय का तुला?" ती म्हणाली, "आई, तू प्रत्येक गाडीत हे का करतेस?" म्हणून हे लिहायला बसले.

घरात आम्ही चौघं. अण्णा, आई, मी आणि गुलाबमामा. मामा आईचा धाकटा भाऊ, सटाण्याचा. आयटीआयला वायरमनचं शिकून सातपूरच्या एका कंपनीत लागला होता आणि आमच्या मागच्या खोलीत राहायचा. कंपनीचा भोंगा झाला की आई तवा ठेवायची. मामासाठी ती ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी करायची, शेंगदाण्याचा ठेचा, कधी भरीत. अण्णांना त्या भाकरीचा वासही चालत नसे, त्यांना गव्हाची पोळी आणि वरण. त्यामुळे आमच्या ओट्यावर रोज दोन गावं शेजारी शेजारी शिजायची. मामाला गाण्याचं वेड. अण्णा घरी असोत-नसोत, गाडीला हात लावायची त्याला परवानगी नव्हती, पण अण्णा टेप पुसायला बसले की हा शेजारी उकिडवा बसून स्पिरिटची बाटली धरायचा. "दाजी, आवाज लय गोड शे हो याचा," म्हणायचा. अण्णा त्याच्याकडे न बघता म्हणायचे, "हात लावू नकोस."

आता जी गोष्ट सांगायची ती आधी घडली, पण तिचा अर्थ मला नंतर कळला. सटाण्याचे आजोबा गेले. तेरावं उरकून आम्ही तिघं गाडीने परत येत होतो. मामा चार दिवस मागे राहिला होता. अण्णा गाडी चालवत होते, आई त्यांच्या डावीकडे पुढच्या सीटवर, मी मागे, मांडीवर आजीने बांधून दिलेल्या बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा डबा. आजी आता त्या घरात एकटी उरली होती. आमच्याकडची रीत अशी, की लेकीच्या घरी आई राहायला येते ती जावयाने तोंडाने 'या' म्हटलं तरच. लेकीने बोलावून चालत नाही, मुलाने आणून सोडून चालत नाही. मामा स्वतःच बहिणीच्या घरी, तो काय आणणार? देवळा मागे पडलं, खिडक्या उघड्या, वारा भणभणत होता, टेप बारीक चालू होता. आई बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. मग समोर बघतच म्हणाली, "अहो, आईला आपल्याकडे आणू या का?"

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी रस्त्यावरची नजर हलवली नाही. थोड्या वेळाने हात पुढे केला आणि टेपचा आवाज वाढवला.

आईने पुन्हा विचारलं नाही. ती तशी मानी होती, एकदाच विचारणारी. पिंपळगावला चहाला थांबलो, तिने चहा घेतला नाही. अण्णा मला म्हणाले, "हिचं काय बिनसलंय?" आणि मला, चौदा वर्षांच्या पोरीला, त्या माणसाचा असा राग आला की सांगता सोय नाही. म्हणजे विचारलेलं गिळायचं आणि वर साळसूदपणे चौकशी करायची! त्या हिवाळ्यात आजी गेली. एकटीच होती. शेजारच्या बाईने सकाळी पाणी का भरलं नाही म्हणून कडी वाजवली तेव्हा कळलं. आई जाऊन आली, रडली तिथेच, घरी परतली ती कोरडी. त्यानंतर ती अण्णांशी कामापुरतंच बोलायची. 'जेवायला वाढलंय.' 'गॅस संपलाय.' अण्णांना वाटायचं हिच्या डोक्यात कुणी तरी काही भरवलंय, आणि त्यांचा संशय अर्थातच मागच्या खोलीवर. मला वाटायचं या माणसाच्या छातीत शिसं आहे. मी त्यांच्यावर पाळतच ठेवायला लागले, आणखी काय काय लपवतात ते बघायला.

आणि मग तबला गेला.

अण्णांची एक आवडती कॅसेट होती, भावगीतांची. त्या काळच्या ध्वनिमुद्रणात गाणारी बाई उजव्या स्पीकरमधून जास्त यायची आणि तबला डावीकडून. एका सकाळी अण्णांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि म्हणाले, "तबला कुठाय?" आम्ही एकमेकींकडे बघितलं. तबला वाजत होता. आईच्या तर गुडघ्याशी वाजत होता, स्पीकर तिच्याच दारात. ती म्हणाली, "वाजतोय की." अण्णा पुढे बघत म्हणाले, "कुणी बोलेल का काही?" आई पुन्हा म्हणाली, "वाजतोय हो." अण्णांनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बघितलंस? बोलायला सुद्धा तयार नाहीत." आईने ओठ मिटून घेतले. तिला वाटलं, मुद्दाम अपमान करतायत.

झालं, तपास सुरू. शालिमारजवळ एक टेपवाला होता, त्याच्याकडे गाडी नेली. त्याने इंजिन बंद करून टेप लावला. अण्णा डाव्या दाराबाहेर उभे राहून खिडकीतून आत वाकले, वाकताना मान वळवून उजवा कान स्पीकरकडे, आणि म्हणाले, "वाजतोय." पैसे नकोत म्हणाला तो, बिचारा. गाडी चालू करून आम्ही सीबीएस स्टँडपर्यंत येतो न येतो तो तबला गायब! पुन्हा दुकान, पुन्हा वाजतो. पुन्हा रस्ता, पुन्हा गायब. यावर दुसरा कुणी काय विचार केला असता देव जाणे. अण्णांनी काटेवाल्यांचा विचार केला. निरीक्षक समोर असताना बरोबर वजन दाखवणारे आणि पाठ फिरली की वजन मारणारे काटे त्यांनी ढिगाने पकडले होते. "कुठेतरी पाणी मुरतंय," ते म्हणाले. "असली स्पीकर काढून कुणीतरी नकली बसवलाय. आणि दुकानदार सामील आहे." कुणीतरी म्हणताना त्यांची नजर मागच्या खोलीच्या दाराकडे गेली, ती आईने पाहिली.

त्या संध्याकाळी त्यांनी खात्याने रद्द केलेली जुनी पक्कड माळ्यावरून काढली आणि स्पीकरला सील ठोकलं. मी टॉर्च धरला होता. मामा उंबऱ्यात उभा राहून बघत होता. त्याला कळत होतं हे सील कुणासाठी आहे. सटाण्याच्या बाजारात त्याने तसली सीलं लबाड व्यापाऱ्यांच्या काट्यांवर पाहिलेली. त्या दिवशी आईने त्याच्या ताटात भाकरी वाढली ती तशीच राहिली.

आमच्या घरात त्यानंतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे तिरकं बघायला लागला. अण्णा रोज सकाळी सील तपासायचे. आई अण्णांच्या नजरेवर नजर ठेवायची. मी सगळ्यांवर. एकदा आईने उन्हाळी बिबडे वाळवायला गाडीच्या बॉनेटवर धोतर अंथरलं, तर अण्णा धावत बाहेर, "गाडीजवळ कोण गेलं होतं?" बिबड्यांकडे लक्षच नाही त्यांचं! आई म्हणाली, "मी. मलाही सील ठोका." हे ती त्यांच्या उजवीकडे उभी राहून म्हणाली होती, म्हणून त्यांना ऐकू गेलं आणि दिवसभर अबोला. उजवीकडे उभी होती हे मला आता आठवतं. तेव्हा कुणाच्या लक्षात येणार?

एका रविवारी अण्णा आंघोळीहून बाहेर आले आणि गाडीपाशी गेले, तर मामा आईच्या सीटवर बसलेला, हातात स्क्रू ड्रायव्हर, पायाशी तुटलेलं सील. त्याने चोरून केलं नव्हतं. दार उघडं होतं, अंगणात मी होते. त्याला वाटलं, जाळी काढून तारा तपासू, दाजींना दाखवू, एकदाचं मिटू दे. वायरमन गडी, त्याला दुसरं काय सुचणार! पण सील तोडलेला माणूस अण्णांच्या हिशेबी एकच असतो.

"सापडलास," अण्णा म्हणाले. आवाज चढवलासुद्धा नाही त्यांनी. "असली कुठे विकलास? जुन्या बाजारात?"

"दाजी, स्पीकर चांगला शे. तारा बी चांगल्या. मी काय विकेल नई."

"सील का तोडलंस मग?"

मामाने वाकून तुटलेलं सील उचललं. अण्णा म्हणाले, "सामान आवर. आज."

आई ओट्यापासून बाहेर आली, हात पिठाचे. मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. ती अण्णांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. "माझा भाऊ चोर नाही," ती म्हणाली. "तो चोर म्हणून या घरातून गेला ना, तर त्याच्या मागोमाग मी जाईन. आणि परत येणार नाही. आधीच एकदा मी गप्प बसले." आई उगाच बोलणारी बाई नव्हती. अण्णा तिच्याकडे बघत राहिले. 'आधीच एकदा' म्हणजे काय, ते त्यांना कळलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं, आणि मला वाटलं, काय सोंग करतात!

मामाने डोळे पुसले. "आक्का, तू नको बोलू. दाजी, एक डाव गाडी चालू करा. रस्त्यावर जातो तेव्हा तबला जातो ना? मंग रस्त्यावरच बघू. नई वाजला तर मी आपला आपला जातो."

अण्णा नियमाचे. तपासणी मागितली तर नाही म्हणायचे नाहीत. ते चालकाच्या जागी बसले, आई आपल्या जागी, पिठाच्या हातानेच, मामा आणि मी मागे. गाडी चालू केली, पाथर्डी फाट्याच्या दिशेने निघालो. खिडक्या उघड्या, अण्णांच्या बाजूने ट्रक जात होते. टेप लागला. गाणारी बाई आली, तबला आला. अण्णा म्हणाले, "नाही. बघा, नाही."

आईने आजवर टेपच्या एकाही बटणाला हात लावला नव्हता. तिने हात पुढे केला आणि डावं-उजवं बटण डावीकडे टोकापर्यंत फिरवलं. बटणावर पीठ लागलं. बाई गेली. नुसता तबला राहिला, एवढा खणखणीत की दाराचा पत्रा थरथरत होता.

अण्णा म्हणाले, "बंद का केलंस?"

मामाने तोंडावर हात ठेवला. तबला वाजतच होता. आई अण्णांकडे वळून बघत राहिली. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अहो." अण्णा समोर बघत होते. ती पुन्हा म्हणाली, "अहो." त्यांनी वळून पाहिलं नाही. तिसऱ्यांदा तिने त्यांच्या दंडाला हात लावला, तेव्हा ते दचकले आणि त्यांनी गाडी कडेला घेतली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग आरशातून आमच्याकडे. आमच्या चेहऱ्यांवर जे होतं ते त्यांनी वाचलं असणार. काही न बोलता त्यांनी स्वतःची तपासणी सुरू केली. उजव्या कानात बोट घातलं, घट्ट. आईकडे तोंड केलं आणि हाताने खूण केली, बोल.

आई बोलली. तिची नजर त्यांच्या तोंडावर होती आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. "त्या दिवशी देवळा सोडल्यावर मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली, "आईला आपल्याकडे आणू या का. तुम्ही बोलला नाहीत. मला वाटलं, नको म्हणताय. ती एकटी गेली हो. मी तुम्हाला इतके दिवस मनातल्या मनात शिव्या दिल्या."

अण्णांनी बोट काढलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "काय म्हणालीस?"

आईने पदराने डोळे पुसले, पीठ गालाला लागलं. "काही नाही," ती म्हणाली. "टेप चालू आहे म्हटलं."

मामा गेला नाही. त्याचं लग्न आमच्याच घरून झालं आणि वरातीला तीच गाडी होती, सील नसलेली. डॉक्टरांनी सांगितलं, डावा कान जवळजवळ गेलाय, उजवाही उतरत चाललाय, कधीपासून ते सांगता येणार नाही. अण्णांनी मामाचे हात धरून माफी मागितली, सगळ्यांसमोर, आणि टेपवाल्याकडे जाऊन त्याचीही. त्या दिवसापासून आई गाडीत पुढे बसली नाही. ती मागे, अण्णांच्या उजव्या खांद्यामागे बसायची आणि पुढे वाकून त्यांच्याशी भरभरून बोलायची. पुढची जागा मला मिळाली. दोघांचं पुढे खूप बरं चाललं, हे मला सांगितलंच पाहिजे.

आई गेली, त्यानंतर अण्णा बरीच वर्षं माझ्याकडे होते. कानात मशीन, स्वतःच स्पिरिटने पुसायचे. एका दुपारी मी त्यांना चहा दिला, तर म्हणाले, "शुभा, त्या रविवारी गाडीत तुझी आई काय म्हणत होती ग? मी कानात बोट घातलं होतं तेव्हा."

मी म्हटलं, "टेप चालू आहे, असं म्हणत होती."

त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं, काट्याकडे बघायचे तसं.

"एवढं म्हणायला इतका वेळ लागत नाही," अण्णा म्हणाले. "तिचे ओठ बराच वेळ हलत होते."